एक ठिपका, एक रेघ

कपड्यांवर खूण करायची ती मार्कर पेनाने करावी की बिब्याने, हा प्रश्न वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटेल. आमच्या वडशाच्या घरात तो एका रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता उपस्थित झाला, आणि त्यापुढच्या रविवारी दुपारपर्यंत माझ्या एकुलत्या एका मुलीचे लग्न मोडण्याच्या बेतात आले. मधल्या सात दिवसांचा वृत्तान्त मी शक्य तितक्या तटस्थपणे नोंदवीत आहे. (तटस्थता हा संशोधकाचा पहिला गुण होय. आमच्या सौभाग्यवतींच्या मते माझ्यापाशी दुसरा कोणताच नाही.)

मुलगी उर्वशी. तिचे साक्षगंध (इतरत्र याला साखरपुडा म्हणतात) सिंदेवाहीच्या आदेशशी ठरले होते. मुलगा शाळेत गणित शिकवतो, कमी बोलतो, मोठ्यांना वाकून नमस्कार करतो. असा जावई हातचा जाऊ द्यायचा नाही, यावर आम्हां नवराबायकोचे एकमत होते, आणि आमच्या घरात एकमत ही घटना अधिक महिन्याहूनही दुर्मीळ आहे. समारंभासाठी घरभर पाहुणे येणार, सगळ्यांचे कपडे एकाच लाँड्रीत जाणार, तेव्हा कपड्यांवर खुणा करून ठेवाव्यात असे साधनाने (म्हणजे सौभाग्यवतींनी) सुचवले. सूचनेला इतिहास होता. दोन वर्षांपूर्वी राजुऱ्याच्या एका लग्नात माझा मोतिया रंगाचा रेशमी कुडता धुलाईत अदलाबदल होऊन गेला. मला त्याच्या जागी जो मिळाला, त्याच्या बाह्या कोपरापाशीच संपत होत्या. तेव्हापासून माझे साडू प्रवीण हे एक मोतिया कुडता मोठ्या दिमाखाने मिरवतात. तो आपण नागपुरात शिवून घेतला असे त्यांचे म्हणणे आहे.

"हा घ्या पेन," साधना म्हणाली. "कालरच्या आतून नाव लिहा आन् मोकळे व्हा."

"मार्करची शाई तिसऱ्या धुण्याला फिकी पडते," मी म्हणालो. "आपल्या पूर्वजांकडे याहून टिकाऊ तंत्र होते. परीट मंडळी बिब्याच्या तेलाने खूण करीत. ठिपके आणि रेघा. प्रत्येक घराची लिपी वेगळी. कपडा फाटेल, खूण जाणार नाही."

"बिबा उतते जी! माया मामाच्या पायावर उतला होता, तं पाय सुपाएवढा झाला होता."

"अडाण्यांना उततो. या विषयावर माझा ग्रंथ आहे."

('झाडीपट्टीतील त्वचाविकार : लोकसंज्ञा व लोकोपचार', पृष्ठे तीनशे बारा. गजकर्णापासून चिखल्यांपर्यंत अंगावर उठणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे नाव, रूप आणि गावठी औषध त्यात आहे. प्रती अद्याप उपलब्ध आहेत. पुष्कळ उपलब्ध आहेत.)

बाजारातून ताजे बिबे आणले. मी अज्ञानी नव्हे, म्हणून प्रथम दोन्ही हातांना कोपरापर्यंत तिळाचे तेल चोळले. दाभणाने बिबा टोचून दिव्यावर धरला, तेल सुटू लागले आणि काडीच्या टोकाने मी खुणा करीत गेलो. पद्धती निश्चित केली होती. आडवी रेघ म्हणजे आमचे घर. त्यावर एक ठिपका म्हणजे कुटुंबप्रमुख, दोन म्हणजे पत्नी, तीन म्हणजे कन्या. शर्ट, ब्लाउज, कुडते, सगळ्यांना मानेच्या आतल्या बाजूने खूण. तेवीस कपडे झाले.

चोविसावा दोरीवर वाळत होता. साडू शनिवारीच 'मदतीला' म्हणून मुक्कामी आले होते आणि त्यांचा तो मोतिया कुडता माझ्या डोळ्यांसमोर वाऱ्याने हेलकावे घेत होता. मी क्षणभर विचार केला. (संशोधकाने एवढाच विचार केला तर काय होते, ते पुढे येईलच.) मग त्याच्याही कॉलरच्या आत एक ठिपका आणि एक रेघ काढून ठेवली. न्याय उशिरा का होईना, होतो.

बुधवारी संध्याकाळी माझ्या मानेला खाज सुटली.

माणसाला स्वतःची मान दिसत नाही, ही निसर्गाची योजना शहाणपणाची असावी. उर्वशीने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. रुपयाच्या नाण्याएवढा लालसर गोल चट्टा होता आणि त्याची कड जरा उचललेली होती.

"गजकर्ण," मी निदान केले. "वर्तुळाकृती, कड उठावदार. अभिजात उदाहरण."

"बाबा, पन खाली एक रेघ बी दिसून राह्यली," उर्वशी म्हणाली.

"ती कॉलर घासल्याची. आनुषंगिक आहे."

गजकर्णावर लोकोपचार म्हणजे तरोट्याचे (म्हणजे टाकळ्याचे) बी ताकात वाटून लावणे. मी लावले. गुरुवारी शेजारच्या रीताताई कुंपणावरून म्हणाल्या, "कोन्या घरचं ताक नासलं वं?" साधनाने नुसते माझ्याकडे बोट केले.

गुरुवारी दुपारी साधनाच्या मानेवर पुरळ उठले. एकाला लागून एक असे दोन फुगीर गोल, त्यांच्याखाली पट्टा, आणि बारीक पाणीदार फोड.

"नागीण!" मी खुर्चीतून उठलो. फोडांचा पट्टा म्हणजे नागीण, हे माझ्या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात आहे. (नागीण शरीराच्या एकाच बाजूला उठते आणि तिच्यात आधी आग व ठणका असतो, हेही त्याच प्रकरणात आहे. साधनाची नागीण मानेच्या बरोबर मधोमध होती आणि नुसती खाजत होती. अशा वेळी संशोधक त्याला अपवाद म्हणतो आणि पुढे जातो.) मी गेरू कालवून तिची मान रंगवली.

शुक्रवारी उर्वशीची पाळी आली. तिची खूण मोठी होती आणि तिच्यातून लस येत होती.

"इसब," मी म्हणालो. "ओले इसब."

साधनाने हातातली परात खाली ठेवली. "अवो, तिघाच्या तीन माना. एकाच जागी उठलं, एकाच हप्त्यात उठलं. तुमाले गजकर्ण, मले नागीण आन् पोरीले इसब? दुकान लावून राह्यले का रोगाचं?"

"लोकपरंपरेत एकाच स्थानी भिन्न विकार संभवतात."

"मले तं हा बिबाच वाटते. उतला हाये."

मी दयार्द्र हसलो. "बिबा हातात मी धरला. माझे हात पाहा, गुळगुळीत आहेत. ज्याने दोन तास बिबा हाताळला त्याच्या हाताला काही नाही, आणि ज्या मानेने बिबा पाहिलासुद्धा नाही तिला उतेल? तुझ्या मानेने बिबा धरला होता काय?"

या युक्तिवादात एक भोक होते आणि त्यातून पुढे बैलगाडी जाणार होती; पण त्या वेळी तो मला बिनतोड वाटला. साधनाही वाद सोडून आत गेली. (चारोळ्या करपत होत्या म्हणून ती आत गेली, हे दुसरे कारण मी नंतर मान्य केले.)

"सरकारी दवाखान्यात चामडीच्या डाक्टरीनबाई बसतात," आतून आवाज आला. "पोरीले तरी दाखवा."

"साक्षगंधाच्या तोंडावर मुलीला त्वचारोगाच्या रांगेत उभी करतेस? सिंदेवाहीचे कोणी पाहिले म्हणजे? मी आहे ना."

रविवार उजाडला. अंगणात मांडव पडला. नाटकांचा हंगाम असल्यामुळे चौकात एका कंपनीची रिक्षा प्रयोगाची जाहिरात करीत फिरत होती आणि आमच्या शहनाईला अधूनमधून रडका नायक साथ देत होता. उर्वशीने केस मोकळे सोडून मान झाकली. साधनाने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. मी मफलर गुंडाळला. साडू मात्र गुरुवारपासून अंगावर चढवलेल्या त्याच मोतिया कुडत्यात आले आणि पानसुपारीच्या ताटाशेजारी बसून एकसारखी मान खाजवू लागले. मी तिकडे लक्ष दिले नाही. (दिले असते तर हा वृत्तान्त इथेच संपला असता.)

वरपक्ष आला. आदेश, त्याची आई इंदुताई, आणि आजी अंजनाबाई. इंदुताई ही कडक शिस्तीची बाई. घरात शिरताशिरताच त्यांनी आमच्या पाण्याच्या माठाचे झाकण उचलून आत पाहिले होते. आजी सत्तरीच्या घरातली, काटकुळी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि बसल्या जागेवरून सगळ्यांच्या हालचाली टिपणारी.

कुंकू लागले. साडी दिली. मग सोन्याची माळ घालण्यासाठी इंदुताईंनी उर्वशीचे केस बाजूला केले.

"अगं माय! हे काय व्हय?"

शहनाई तेवढ्यात थांबली. इंदुताई मागे सरल्या. माळ त्यांच्या हातातच राहिली.

"काही नाई जी," साधना पुढे झाली, तोच तिचा पदर सरकला आणि गेरूने रंगलेली मान उन्हात झळकली.

"तुमाले बी?" इंदुताईंनी माझ्याकडे पाहिले. "भाऊ, तो मफलर काढा बरं."

मांडवात ऐंशी माणसे होती. मी मफलर काढला. ऐंशी माणसांनी एकदम श्वास आत घेतल्याचा आवाज मी आयुष्यात प्रथमच ऐकला.

"म्हनजे घरभर हाये! आन् आमाले सांगतलं बी नाई!"

आता या क्षणी शहाण्या माणसाने काय करावे? गप्प बसावे. मी उभा राहिलो आणि घसा खाकरला.

"इंदुताई, घाबरण्याचे कारण नाही. या विषयाचा माझा अभ्यास आहे. माझे आहे ते साधे गजकर्ण."

"गजकर्ण लागट असते का नाई?"

"असते. म्हणजे टॉवेल, कपडे, अंथरूण यांतून पसरू शकते."

पहिल्या दोन रांगांतील पाहुण्यांनी खुर्च्या मागे ओढल्या.

"परंतु!" मी हात वर केला. "मुलीचे गजकर्ण नव्हे. तिचे इसब आहे. इसब लागट नसते."

"मंग काऊन होते?"

"पुष्कळदा ते वंशपरंपरेने चालत येते."

इंदुताईंनी माळ डबीत ठेवली. साधनाने डोळे मिटले. आदेश प्रथमच बोलला. "सर, तुम्ही खाली बसता का?"

मी बसलो नाही. एक बाजू उरली होती. "आणि यांची नागीण आहे. नागिणीचा तर काहीच प्रश्न नाही, ती—"

"नागीन गळ्याभोवती फिरून आपल्या शेपटीले मिळली का मानूस मरते म्हंते," मागून कोणी पाहुणी पुटपुटली.

"ती केवळ लोकसमजूत आहे. पृष्ठ एकशे अठरा—"

"पुरे!" इंदुताई म्हणाल्या. "आदेश, चाल. बाप लागट, माय मरनार, आन् पोरीचं पिढीजात! असं घर मले नाई पायजे."

उर्वशी रडली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिले. तीनशे बारा पृष्ठे लिहिताना कधी वाटले नव्हते, पण त्या एका नजरेने मला वाटले की आपण दुसरा एखादा विषय घ्यायला हवा होता. ओव्या. उखाणे. काहीही.

"थांब वं इंदू," अंजनाबाई म्हणाल्या. त्या अजून बसल्याच होत्या. "पोरी, इकडं ये. मान दाखव."

उर्वशी जवळ गेली. आजींनी चष्मा वर करून, अगदी नाक टेकेल इतक्या जवळून पाहिले. मग साधनाला बोलावले, मग मला. माझी मान पाहून नाकाला पदर लावला (तरोटा) आणि बोटांवर काहीतरी मोजू लागल्या.

"पोरीले तीन गोल आन् एक रेघ. मायले दोन गोल आन् एक रेघ. बापाले एक गोल आन् एक रेघ." त्यांनी बोटे मिटली. "भाऊ, माया जलमात लई खाज पाह्यली. खरूज बोटाच्या बेचक्यात जाते. चिखल्या पायाच्या बोटात होते. घामोऱ्या पाठभर उठते. पन मोजून येनारा रोग मी पाह्यला नाई. हा तं शाळा शिकलेला दिसते."

कोणीतरी हसले. इंदुताई हसल्या नाहीत. "सासूबाई, घरच्याच लोकाले झाला ना. रक्तातला असन."

"रक्तातला? मंग तो भाऊ कोन व्हय, जो मघापासून मान खाजवून राह्यला?"

ऐंशी माना साडूंकडे वळल्या. प्रवीणराव हातातली सुपारी तशीच धरून थिजले.

"मी? मी साडू जी. मी गोंदियाचा. यांचं माह्यं काई रक्ताचं नातं नाई!"

"मान वाकव."

वाकवली. मोतिया कॉलर बाजूला झाली. एक गोल. एक रेघ.

"हा बी बापाच्याच वर्गातला," आजी म्हणाल्या. "त्या कालरची आतली बाजू दाखव."

कॉलर उलटली आणि मांडवाने पाहिले. रेशमावर काळाभोर, ठसठशीत, माझ्या हातचा एक ठिपका आणि त्याखाली एक रेघ. मार्करची शाई असती तर आतापर्यंत फिकी पडली असती.

"बिबा," अंजनाबाई शांतपणे म्हणाल्या. "कपड्याले लावला, तो मानेले उतला. रोग नाई आन् काई नाई. कोनं लावला?"

मी बोलण्यापूर्वी साधना म्हणाली, "मी म्हनलं होतं." त्यानंतर ती आणखी चार वेळा तेच म्हणाली, प्रत्येक वेळी वेगळ्या पाहुण्याकडे वळून.

"पण माझ्या हातांना काहीच झाले नाही," मी क्षीण स्वरात म्हणालो.

"हाताले तेल लावलं असन ना? मानेले लावलं होतं का?"

बैलगाडी भोकातून गेली ती अशी.

"चुना लावला होता का खुनेवर? गरम पान्यातून कपडा काढला होता? आठ दिस टांगून ठेवला होता?" आजी विचारत होत्या आणि मी प्रत्येक प्रश्नाला नकारार्थी मान हलवीत होतो. "मंग कोनं शिकवलं तुमाले हे अर्धं काम?"

"माझ्या ग्रंथात—" मी सुरुवात केली. उर्वशी आत जाऊन ग्रंथ घेऊन आली. (प्रत शोधावी लागली नाही.) तिने पान काढले आणि मांडवाच्या मधोमध उभी राहून, शाळेत धडा वाचावा तशी वाचू लागली :

"तळटीप सत्तेचाळीस. बिब्याची खूण केल्यावर तीवर चुना लावावा, कपडा गरम पाण्यातून काढावा व आठ दिवस अंगास लावू नये. अन्यथा खुणेच्याच आकाराचे पुरळ अंगावर उठते. नवख्याने हे काम करू नये. माहितीदात्री : अंजनाबाई, मुक्काम सिंदेवाही, वय अंदाजे पन्नास."

चौकातल्या रिक्षातला नायकसुद्धा गप्प झाला.

"पन्नास?" अंजनाबाई ताठ झाल्या. "कवाची गोठ हाये?"

"एकोणीसशे ब्याण्णव," मी म्हणालो.

"तवा मी अडतीसची होती!" त्यांनी चष्मा पुसून माझे तोंड नीट न्याहाळले. "म्हनजे सायकलवर टेप बांधून आलता तो तुमीच व्हय का! दोन दिस माया पडवीत बसले, सहा येळा चहा पेले. मी बिबा टोचून दाखवत होती तं हे पाहेच ना, खाली मुंडी घालून लिहूनच राह्यले. मी तवाच म्हनलं होतं आमच्या घरच्याले, का हा मानूस लिहून नेईन, पन घेऊन काई जानार नाई."

माझ्या संशोधनाचे याहून नेमके परीक्षण आजवर कोणी केलेले नाही.

आजी सुनेकडे वळल्या. "इंदू, माळ घाल. पोरीत खोट नाई. खोट बापात हाये, पन बाप काई आपल्या घरी नांदाले येऊन नाई राह्यला."

इंदुताईंनी क्षणभर माझ्याकडे, मग उर्वशीकडे, मग डबीकडे पाहिले. "एक अट हाये," त्या म्हणाल्या. "रुखवताच्या कपड्याले भाऊंनी हात लावाचा नाई."

"मंजूर!" माझ्या आधी सगळे घर ओरडले. माळ पडली. शहनाई सुरू झाली. आदेशने मला वाकून नमस्कार केला. तो सवयीने केला की सहानुभूतीने, हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही.

मात्र एक प्रकरण मिटायचे होते. प्रवीणराव कॉलर धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"साडभाऊ, माया कुडत्यावर तुमची खूण काऊन?"

"कारण कुडता माझा आहे. राजुऱ्याच्या लग्नापासून."

"असं? मंग घालून दाखवा."

घातला. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या आणि गुंड्या पोटावर भेटल्या नाहीत. तो कुडता खरोखरच नागपुरात, प्रवीणरावांच्या मापाने शिवलेला होता. मी तो काढून सन्मानपूर्वक परत केला. माझी खूण त्यावर आयुष्यभर राहील, आणि प्रत्येक समारंभात ते कॉलर उलटून चारचौघांना तिची कथा सांगतील, अशी व्यवस्था मी स्वतःच्याच हाताने करून ठेवली आहे.

सोमवारी आम्ही चौघे सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टर पूनम यांच्यापुढे रांगेत बसलो. त्यांनी चारही माना पाहिल्या आणि म्हणाल्या, "जो चट्टा सरळ रेघेत किंवा मोजल्यासारखा उठतो, तो बहुतेक बाहेरून काहीतरी लागल्याचा असतो. अशा वेळी आधी विचारायचं, इथं काय टेकलं होतं?" एका वाक्यात त्यांनी माझी तीन प्रकरणे निकालात काढली. मलम दिले, खुणेचे कपडे घालू नका म्हणून सांगितले, आणि तरोटा धुऊन टाकण्याची विशेष सूचना केली.

पंधरा दिवसांत साधना आणि उर्वशी यांच्या माना स्वच्छ झाल्या. माझी खाज गेली, पण काळसर डाग राहिला. एक ठिपका, एक रेघ. मावळायला काही महिने लागतील, आणि कदाचित पुरता मावळणारही नाही, असे डॉक्टर म्हणतात. काल आरशात दुसरा आरसा धरून मी तो पाहत होतो, तेव्हा साधना मागे येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला खरी उदासी दिसली. मी गहिवरलो.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मी म्हणालो. "फाल्गुनातल्या लग्नापर्यंत जाईल."

"नाई जी, त्याचं नाई," ती उसासा टाकून म्हणाली. "लग्नात यवढी गर्दी राहीन, लोकाच्या वस्तू बदलतेत. म्हनलं होतं, एखादा चांगला बदलून येईन. आता तुमी तं पक्की खूनच करून घेतली."